झीज आधी वाचावी, रॉड मग उचलावा

मी मध्य प्रदेशातल्या सतना इथून बोलतो आहे. आज ऐकणाऱ्यांत इंदूर-बडोद्याची मंडळी आहेत, बेळगाव-हुबळीची आहेत, भिलाईचेही काही जण आहेत, असं आयोजकांनी सांगितलं. भिलाईच्या लोकांपुढे लोखंडावर बोलायचं म्हणजे छाती जरा धडधडते. पण माझा विषय अख्खं लोखंड नाही. लोखंडाच्या अंगावरचे वरचे 6 ते 10 मिलिमीटर, एवढीच माझी जहागीर.

माझ्यासमोर टेबलावर हा काळा ठोकळा दिसतो आहे ना, तो साखर कारखान्यातल्या श्रेडरचा हॅमर आहे. जे हे भाषण पुढे ई-पुस्तकात वाचतील त्यांच्यासाठी सांगतो: वरवंट्यासारखा जाड पोलादी तुकडा, एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाची कड झिजून गोल झालेली. आणि त्या कडेपाशी तळहाताएवढा खड्डा, जणू भिंतीचा गिलावा सुटून पडावा तसा. तो खड्डा माझ्यामुळे पडलेला आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी काम काय ते सांगतो. ऊस असो, कोळसा असो, चुनखडी असो, खाणीतली माती असो, या वस्तूंशी जे यंत्र भिडतं ते झिजतं. झिजलेला भाग फेकून नवा बसवणं महाग पडतं. म्हणून झिजलेल्या जागी वेल्डिंग करून वेगळ्या, जास्त कठीण धातूचा थर चढवायचा. कारखान्यात याला हार्डफेसिंग म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरणार आहे. कारण 'कठीण पृष्ठलेपन' असं मी वर्कशॉपमध्ये म्हटलं तर लोक माझ्याकडे बघत राहतील.

कल्पना नवी नाही. आमच्या गावात मृगाच्या आधी लोक नांगराचे फाळ लोहाराकडून शेवटून आणायचे. फाळाचं टोक जमिनीत झिजून आखूड झालेलं असायचं. लोहार भात्यावर ते लाल करायचा, त्याला पोलादाचा तुकडा जोडायचा, ठोकून टोक काढायचा आणि पाण्यात बुडवायचा. अंग मऊ लोखंडाचं, टोक तेवढं पोलादाचं. दगडाला आपटलं तर अंग वाकेल पण मोडणार नाही, आणि मातीत टोक लवकर झिजणार नाही. हार्डफेसिंगचं सगळं तत्त्व त्या एका फाळात होतं. फरक एवढाच की भात्याची जागा विजेच्या आर्कने घेतली आणि पोलादाच्या तुकड्याची जागा क्रोमियम, टंगस्टन, कोबाल्ट यांनी. अमेरिकेतल्या एलवूड हेन्स यांनी 1907 साली कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं आणि त्याला स्टेलाइट नाव दिलं. लॅटिनमध्ये स्टेला म्हणजे तारा. तो धातू चकाकत राहायचा म्हणून. वाफेच्या झडपांच्या बैठकीवर हा स्टेलाइट आजही चढवला जातो. तुमच्या जवळ औष्णिक वीज केंद्र असेल तर तिथल्या मोठ्या झडपा उघडून बघणाऱ्याला विचारा.

आता झीज होते कशाने? साखर कारखान्यात नवीन आलेला माणूस म्हणतो, ऊस काय, मऊ तर असतो! ऊस मऊच असतो. पण उसाबरोबर शेत येतं. मुळाची माती येते, पावसात तोडणी झाली तर चिखल येतो, यंत्राने तोडलेल्या उसात पाचट आणि माती आणखी जास्त. त्या मातीत वाळू असते आणि वाळूत क्वार्ट्झ. विकर्स नावाचं कठीणपणा मोजायचं एक माप आहे. साधं बांधकामाचं लोखंड त्या मापावर 130 ते 150 भरतं. पाणी देऊन कडक केलेलं पोलाद 700-800 पर्यंत जातं. आणि क्वार्ट्झचा कण 1000 च्या वर. म्हणजे लोहाराने कितीही जीव तोडून पाणी दिलं तरी वाळूचा कण पोलादापेक्षा कठीणच राहतो. तो पोलादाला ओरखडणारच. कोळशाचंही तसंच. भारतीय कोळशात राख 30 ते 45 टक्के, आणि त्या राखेत पुन्हा हाच क्वार्ट्झ. वीज केंद्रातली कोळसा दळणारी मिल मुख्यतः कोळशाने नाही, कोळशातल्या दगडाने झिजते.

वाळूवर मात करायची तर वाळूपेक्षा कठीण काहीतरी हवं. ते म्हणजे कार्बाइड. क्रोमियम आणि कार्बन एकत्र येऊन जे स्फटिक बनतात त्यांचा कठीणपणा 1500 च्या वर असतो, टंगस्टन कार्बाइडचा 2000 च्या वर. पण निव्वळ कार्बाइडचा थर करता येत नाही, तो काचेसारखा फुटेल. म्हणून कार्बाइडचे स्फटिक आणि त्यांना धरून ठेवणारा त्यामानाने मऊ धातू असं मिश्रण करतात. काँक्रीट डोळ्यांसमोर आणा. मार खाते खडी, पण खडीला जागेवर धरतं सिमेंट. सिमेंट कमी पडलं की खडी उखडते.

इथवर सगळं सोपं वाटतं. सर्वात कठीण रॉड आणा आणि चढवा. मीही 25 वर्षांचा असताना असंच समजत होतो. आता त्या खड्ड्याची गोष्ट.

कृष्णाकाठच्या एका कारखान्यात माझा तिसरा हंगाम होता. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही, कारण चूक कारखान्याची नव्हतीच. श्रेडरचे हॅमर दर काही दिवसांनी उतरवायचे, वेल्डिंगने भरायचे, परत चढवायचे, असा नेम असतो. त्यासाठी मिल थांबवावी लागते, आणि गळीत हंगामात मिल थांबणं म्हणजे काय हे ज्यांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मला वाटलं, हॅमरवर थर जाड केला तर मिल कमी वेळा थांबवावी लागेल. भांडारात नव्या रॉडचे खोके आले होते. खोक्यावर कठीणपणा लिहिलेला: 60 रॉकवेल. मी ठरवलं, याचेच पाच थर द्यायचे.

आमच्याकडे एक वयस्कर वेल्डर होते. हंगामी कामगार. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. मी सांगितलं तेव्हा त्यांनी काच वर केली आणि म्हणाले, "सायेब, तिसऱ्यापातुर ठीक हाय. त्येच्या फुडं नगं. पोपडा निघतोय."

मी विचारलं, कशावरून? ते म्हणाले, "निघतोय म्हंजे निघतोय."

मला हे उत्तर अडाणीपणाचं वाटलं. माझ्याकडे पदवी होती, खोक्यावरचा आकडा होता. मी म्हटलं, मामा, मी सांगतो तसं करा. त्यांनी केलं.

मामांचं उत्तर बरोबर का होतं, हे मला काही वर्षांनी कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळलं. तुम्हीही माझ्याबरोबर गणित करा, सोपं आहे. वेल्डिंग करताना रॉड वितळतो, तसा खालचा धातूही थोडा वितळतो आणि दोन्ही मिसळतात. दुधात पाणी मिसळावं तसं. हाताने रॉड चालवताना पहिल्या थरात खालचा धातू 30 टक्क्यांपर्यंत सहज मिसळतो. समजा रॉडमधून 30 टक्के क्रोमियम येणार आहे आणि खालच्या पोलादात क्रोमियम नाहीच. मग पहिल्या थरात उरलं 21 टक्के. दुसरा थर पहिल्यावर पडतो. त्यात 30 टक्के पहिला थर आणि 70 टक्के रॉड. झालं 27 टक्क्यांच्या थोडं वर. तिसऱ्यात 29 च्या वर. म्हणजे तिसऱ्या थराला रॉड जवळपास पूर्ण ताकदीचा होतो. चौथ्या-पाचव्या थराने मिळवायला काहीच उरत नाही. उलट प्रत्येक थर थंड होताना आकसतो आणि खालच्याला ओढतो. हा ताण साठत जातो. शेवटी थर एकमेकांना सोडत नाहीत, सगळे मिळून अंगालाच सोडतात. पोपडा निघतो.

जाडी हवीच असेल तर आधी चिवट, साध्या बिल्डअप रॉडने आकार भरून काढायचा, गरज असेल तर मधे स्टेनलेससारख्या लवचिक धातूचा एक थर द्यायचा आणि शेवटी वरून दोनच थर कठीण रॉडचे. लोहाराच्या फाळासारखंच: अंग वेगळं, टोक वेगळं. हे मी केलं नव्हतं. अंगही मी टोकाच्याच धातूचं केलं होतं.

नवव्या दिवशी रात्रपाळीत एक थर सुटला. श्रेडर मिनिटाला 1000 च्या आसपास फेरे घेतो. हॅमरच्या टोकांचा घेरा दीड मीटर व्यासाचा धरला तर टोकाचा वेग ताशी 280 किलोमीटरच्या घरात जातो. त्या वेगाने सुटलेला तुकडा चुऱ्याबरोबर पुढे गेला. पुढे लोखंड पकडायला मोठा चुंबक असतो. पण भरपूर क्रोमियम आणि कार्बन असलेला हा थर चुंबकाला जेमतेमच धरतो. तुकडा चुंबकाखालून निघून गेला आणि पहिल्या मिलमध्ये शिरला. रोलरचे दात मोडले. कारखाना 7 तास बंद.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली गेली: वेल्डिंग सदोष. त्या ओळीखाली कोणाचा हात होता हे सगळ्यांना माहीत होतं, कारण वेल्डिंग मामांनी केलं होतं. पाच थर कोणी सांगितले होते, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढच्या हंगामात मामांना बोलावणं गेलं नाही. मला पगारवाढ मिळाली.

हा हॅमर मी भंगारातून मागून घेतला. तीन बदल्या झाल्या, पण सामानात तो असतोच. बायको विचारायची, हा धोंडा कशाला वागवता? आता विचारत नाही.

बरं, पुढे. या कामात नवख्या माणसाला हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. क्रोमियम कार्बाइडचा थर बरोबर चढवला असला तरी थंड होताना त्याला आडव्या भेगा पडतात. शांत शॉपमध्ये कान देऊन बसलात तर टिक, टिक असा आवाज येतो. दर 10-15 मिलिमीटरवर एक बारीक भेग. नवा तपासनीस हे बघून काम नापास करतो. पण या भेगा हव्याच असतात. साठणारा ताण त्या सोडून देतात. अट एकच: भेग थराच्या तळाशी थांबली पाहिजे, खालच्या अंगात उतरता कामा नये, आणि थराखालून आडवी पसरता कामा नये. उभी भेग चालते, आडवी चालत नाही. माझ्या हॅमरमध्ये आडवी गेली होती. झडपेच्या बैठकीवर मात उभीही चालत नाही, तिथून वाफ निसटेल. म्हणजे 'भेग वाईट' किंवा 'भेग चांगली' असं वाक्यच करता येत नाही. कुठे, कशावर, हे आधी विचारावं लागतं.

म्हणून मी आमच्या मुलांना सांगतो, रॉडचं खोकं उघडण्याआधी झिजलेला भाग धुऊन, पुसून उजेडात धरा. त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. एका दिशेने जाणारे बारीक चकचकीत ओरखडे असतील तर बारीक वाळू घासून गेली आहे, मार नाही. इथे कार्बाइड भरपूर असलेला रॉड चालेल. खोल चर आणि उचकटलेले लचके असतील तर मोठा दगड दाबून घासला आहे. आता थोडा चिवटपणा पाहिजे. कड मुरडून बाहेर आली असेल, पितळी भांड्याचा काठ ठोकल्यावर येतो तशी, तर तिथे मार जास्त आहे आणि नुसता कठीण रॉड फुटणार. आणि खड्डे मधमाशीच्या पोळ्यासारखे असतील, गंजही दिसत असेल, तर झिजेबरोबर आम्लही काम करतंय. उसाचा रस आंबटच असतो, हे विसरू नका.

जबड्याचा क्रशर किंवा रेल्वेच्या रुळांचं क्रॉसिंग पुढ्यात आलं तर खिशातून आधी चुंबक काढा. तो चिकटला नाही तर बहुधा ते मँगनीज पोलाद आहे. रॉबर्ट हॅडफिल्ड नावाच्या इंग्रजाने 1882 च्या सुमारास शोधलेलं. त्यात मँगनीज साधारण 12 ते 14 टक्के असतं आणि त्याची तऱ्हा उफराटी: मार खाईल तितकं वरून कडक होत जातं. बाकी जड पोलादाला वेल्डिंगआधी गरम करावं लागतं, याला मात्र थंड ठेवावं लागतं. फार तापलं, 250 अंशांच्या वर बराच वेळ राहिलं, तर ते आतून ठिसूळ होतं. म्हणून एका जागी आखूड टाका घालायचा, मग लांब दुसरीकडे जायचं, मग परत यायचं. काही ठिकाणी तर जबडा पाण्याच्या टाकीत ठेवून फक्त वरची बाजू उघडी ठेवतात आणि वेल्डिंग करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो.

आता माझा आवडता भाग, साखर कारखान्याचा रोलर. कारण इथे झीज थांबवणं हा मुख्य हेतूच नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना आठवत असेल, वर्ष-दोन वर्षांनी जात्याला टाकी लावून घ्यावी लागायची. दळून दळून पाळी गुळगुळीत व्हायची आणि दाणे न दळताच सटकायचे. मग टाकी लावणारा दारात बसून छिन्नीने दगडावर बारीक खळगे पाडायचा. टक्‌ टक्‌ आवाज, आणि आजीची कटकट की पहिल्या दळणात खर येते. दगड नवा व्हायचा नाही, खडबडीत व्हायचा. तेवढंच पाहिजे असायचं.

मिलचा रोलर हे एक मोठं लोखंडी जातंच समजा. पोलादी दांड्यावर बिडाचं कवच, त्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे खाचे. तीन रोलर त्रिकोणात बसवलेले, वरच्यावर तेलाच्या दाबाने प्रचंड भार. मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे. ऊस कुटून आलेला चुरा त्यांच्यात शिरला पाहिजे. दात गुळगुळीत झाले की रोलर नुसता फिरतो, चुरा ओढला जात नाही, वर साठत राहतो. म्हणून वेल्डर रोलरच्या दातांवर कठीण धातूचे थेंब टाकतो. सलग रेघ नाही, थेंब. बीड ठिसूळ असतं, सलग वेल्डिंगची उष्णता त्याला तडकवते. थेंब पडतो आणि लगेच निवतो. थेंबांमुळे दात खरखरीत होतो आणि चुऱ्याला पकड मिळते. कारखान्यात याला रोलरचं आर्किंग म्हणतात. माझ्या डोक्यात ते नेहमी टाकी लावणंच असतं.

आणि हे काम मिल चालू असताना होतं! रोलर फिरतोय, वरून रस गळतोय, वाफ आहे, आणि वेल्डर फळीवर उकिडवा बसून फिरत्या दातावर थेंब सोडतोय. त्यासाठी ओलाव्यात चालणारे खास रॉड असतात. इथे अर्थिंगची एक चूक फार महागात पडते. अर्थिंगची तार मिलच्या सांगाड्याला कुठेतरी अडकवली तर करंट रोलरच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगच्या आत आर्क होऊन ते खराब होतं. म्हणून फिरत्या रोलरच्याच दांड्यावर तांब्याचा ब्रश टेकवून अर्थिंग घ्यावं. हे भिंतीवर लिहिलेलं असतं, आणि तरी रात्रपाळीत कोणीतरी तार जवळच्या बोल्टला अडकवतो.

या थेंबांची किंमत किती? दिवसाला 5000 टन ऊस गाळणारा कारखाना घ्या. उसाच्या 28 टक्के बगॅस धरला तर 1400 टन बगॅस. रोलर सटकू लागले आणि बगॅसमध्ये साखर 0.1 टक्क्याने जास्त राहिली, फक्त शून्य पॉइंट एक, तर दिवसाला 1.4 टन साखर बॉयलरमध्ये जळते. 50 किलोची 28 पोती. 120 दिवसांच्या हंगामात 3360 पोती. सगळी साखर काही पोत्यात आली नसती, थोडी मळीत गेलीच असती, हे मान्य. शिवाय बगॅस ओला राहिला तर बॉयलर नीट पेटत नाही, ते वेगळंच. हा सगळा हिशेब त्या फळीवर उकिडव्या बसलेल्या माणसाच्या मनगटावर असतो. आणि तो बहुतेक ठिकाणी हंगामी किंवा ठेकेदाराचा असतो.

त्या माणसाच्या छातीबद्दलही बोललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या रॉडमध्ये क्रोमियम जास्त, त्यामुळे धुरात क्रोमियमचं जे सहा-संयुजी रूप येतं ते साध्या वेल्डिंगपेक्षा जास्त. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. रुमाल धूळ अडवतो, हा धूर त्याहून फार बारीक असतो. धूर ओढून नेणारा पाइप आर्कच्या जवळ हवा, डोकं धुराच्या झोताबाहेर हवं, आणि बंद जागेत काम असेल तर बारीक कण अडवणारा चांगला मास्क हवा. धूर ओढायचं यंत्र मागितलं की खरेदी विभाग विचारतो, याने उत्पादन किती वाढेल? रॉडच्या खोक्याला हा प्रश्न कधी विचारला जात नाही.

खोक्याचीच गोष्ट निघाली म्हणून: पावसाळ्यात उघडं पडलेलं खोकं म्हणजे ओलावा प्यायलेले रॉड. अशा रॉडमधला हायड्रोजन धातूत शिरतो आणि तडे पाडतो, कधी दुसऱ्या दिवशी. कंपनीने दिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये सुकवल्याशिवाय ते वापरू नयेत. पेटीत बल्ब लावून ऊब देतात, ती सुकवणं नव्हे. सुकलेला रॉड सुका ठेवण्यापुरती ती ठीक.

इथे सतन्यात सिमेंटच्या मिलचे रोलर आम्ही जागेवरच भरतो. तार आपोआप येते, यंत्र रेघेला रेघ लावत जातं, टनाटनाने धातू चढतो. तिथे हाताचं कसब कमी आणि नोंदी जास्त. त्या नोंदींच्या निमित्ताने मी एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक कामाच्या कार्डावर लिहायचं: खालचा धातू कोणता, झीज कसली, रॉड किंवा तार कोणती, किती थर, किती करंट. खाली दोन सह्या. एक वेल्डरची, आणि एक ज्याने थर ठरवले त्याची. आणि त्या दोन सह्यांच्या मधे एक रिकामी ओळ: वेल्डरचं वेगळं म्हणणं असेल तर ते. बहुतेक वेळा ती रिकामीच राहते. मागच्या महिन्यात रिवा जिल्ह्यातल्या एका तरुण वेल्डरने तिच्यात हिंदीत लिहिलं, नीचे का पुराना माल पूरा निकला नहीं है. खालचा जुना थर पूर्ण निघालेला नाही. आम्ही काम थांबवून ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला.

मामांना शोधायचा मी प्रयत्न केला होता. गावी गेलो. घर सापडलं, ते नव्हते. मुलाने चहा दिला. त्याला मी काय सांगितलं ते इथे सांगत नाही, पण सांगितलं.

वेळ थोडा उरला आहे. हुबळीहून एक प्रश्न आधीच आलेला आहे, तो घेतो: रोटाव्हेटरच्या पात्यांना हार्डफेसिंग करावं का? करता येतं, पण सांभाळून. ती पाती कारखान्यातून कडक करून आलेली असतात. तुम्ही जास्त उष्णता दिलीत तर वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा मऊ पडतो आणि पातं तिथूनच वाकतं किंवा झिजतं. तेव्हा बारीक रॉड, कमी करंट, आखूड टाके, मधे निवू द्यायचं. आणि धारेच्या एकाच बाजूला चढवा, दोन्ही बाजूंना नको. एका बाजूला कठीण थर असला की दुसरी मऊ बाजू आधी झिजते आणि धार आपोआप निघत राहते. दोन्ही बाजूंना दिलंत तर टोक बोथट होतं आणि ट्रॅक्टर डिझेल जास्त खातो. जमीन गोट्यांची असेल तर मात्र कार्बाइडचा रॉड अजिबात वापरू नका, कड उडेल; मध्यम कठीण, चिवट रॉड घ्या. आधी दोन पात्यांना करून बघा, शेजारी दोन तशीच ठेवा, आणि एक एकर झाल्यावर काढून चौघांची वजनं करा. स्वयंपाकघरातला काटा चालेल.